काळ्या बुडाचं मडकं

मोहिद्दीन दुपारच्या झोपेतून उठला तेव्हा मोरीजवळ मडकं उपडं घातलेलं होतं, आणि त्याचं बूड कुंभाराने कालच भट्टीतून काढल्यासारखं लाल दिसत होतं.

"हे कुणी घासलं?" तो ओरडला.

"कोण घासणार? मीच," हलिमा हात पुसत म्हणाली. "आतून-बाहेरून घासलं. दोन नारळांची सोडणं आणि शेगडीतली सगळी राख गेली. काय ते काळं! तुमच्या साहेबाच्या घरात बाईमाणूस नाही का?"

मोहिद्दीन मडक्यापुढेच खाली बसला. ते मडकं प्रोफेसर काल्वेत्तींचं होतं. आठशे वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठची माणसं काय रांधत होती आणि काय खात होती, हे जुन्या मडक्यांवरून शोधणं हा या इटालियन गृहस्थांचा उद्योग. त्याच काळात आखाताकाठी काय शिजत होतं ते बघायला ते शारजात येऊन वाळू उपसत होते आणि ताडून बघायला सिसिलीहून हे एक मडकं घेऊन आले होते. काठाला टवका उडालेला, बाकी धडधाकट. दोन दिवस रास अल खैमाला जाताना ते आपल्या स्टोअरकीपरला, म्हणजे मोहिद्दीनला, बजावून गेले होते, की मडकं नजरेआड करायचं नाही. मोहिद्दीन हुकमाचा पक्का. त्याने ते शारजातल्याच रोल्ला भागातल्या आपल्या खोलीवर आणलं, उशाशी ठेवलं आणि डोळे मिटले.

"अगं, आतलं करपलेलं काळं हाच साहेबाचा सगळा अभ्यास! मासा होता की मटण, सब उसमें लिखा होता है. काळ्या बुडाला पाणी लावायचं नाही, हा कॅम्पचा पहिला रूल आहे. तू आठशे वर्षं मोरीत सोडलीस, हलिमा!"

"आठशे वर्षं कुणाला घासायला सुचलं नाही, तो माझा दोष?"

हलिमाचंही खरं होतं. तिच्या रत्नागिरीकडच्या गावात मुलगी बघायला आलेल्या बायका आधी स्वयंपाकघरात शिरून भांडी उलटी करून बघत. काळं बूड दिसलं की चहा न घेताच उठत. हलिमाला तीन स्थळांनी होकार दिला होता.

पण आता तिचाही चेहरा उतरला. खोली कॅम्पकडून मिळालेली, नोकरी साहेबाच्या मर्जीवरची. चार वर्षं नुसत्या पत्रांवर संसार केल्यावर तीन महिन्यांपूर्वी कुठे ती आगबोटीने इथे आली होती. नोकरी गेली तर परत तीच पत्रं.

"मग आपणच करपवू!" मोहिद्दीन उठला. "याच मडक्यात माशाचं सालन टाक आणि जाळ. साहेब संध्याकाळी मगरिबला येतील. यल्ला, चल!"

"मी?" हलिमाने छातीवर हात ठेवला. "माझ्या हातचं आजवर कधी बुडाला लागलं नाही!"

पण पत्रांची आठवण झाली आणि तिने शेगडी पेटवली. सुरमई, ओलं खोबरं, कोकमाची सोलं, सगळं पडलं. उकळी आली तशी ती ढवळायला लागली.

"ढवळू नको!"

"मी कुठे ढवळते? हात ढवळतो."

मोहिद्दीनने तिचा उजवा हात धरून ठेवला. तिने डाव्या हाताने चिमटा घेऊन दोन निखारे हळूच बाहेर काढले. त्याने तिला गॅलरीत बसवलं, तर जरा वास बदलताच ती धावत आली आणि वाटीभर पाणी ओतून गेली. सालन काही करपेना, उलट असं जमून आलं की वास जिना उतरून खाली गेला. शेजारच्या मरियमबी ताट घेऊनच दारात आल्या.

"हलिमा, सुरमई ना गं?"

वासावर आलेल्या माणसाला रिकाम्या ताटाने पाठवायची रीत हलिमाच्या घराण्यात नव्हती. त्यांच्यामागून आणखी दोन ताटं आली. मडकं निम्म्यावर आलं.

"खलास!" मोहिद्दीन कपाळाला हात लावून म्हणाला. "जळायला उरणार काय?"

आणि खाली जीप थांबली. साहेब तासभर आधीच आले होते, तेही थेट जिना चढून. दारात उभं राहून त्यांनी शेगडीवर उकळणारं आपलं मडकं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

मोहिद्दीनने एका दमात सगळं कबूल केलं. शेवटी म्हणाला, "साहेब, मिस्टेक माझी. माझा पगार कापा, मला वाळू उपसायला लावा, पण हिला परत पाठवावं लागेल असं काही करू नका." हलिमाला इंग्रजी कळत नव्हतं, पण नवऱ्याचा आवाज कळला. ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

साहेब गुडघ्यांवर बसले, मान वाकडी करून मडक्याच्या खाली बघू लागले.

"पाझरतं का?" त्यांनी विचारलं.

मोहिद्दीनने विचारून सांगितलं, "एक थेंबसुद्धा नाही म्हणते."

साहेबांनी खिशातून एक काचेची कुपी काढली. तिच्यात काळा चुरा होता. मडक्यातलं करपलेलं सगळं त्यांनी बोटीत बसण्याआधीच खरवडून घेतलं होतं, राहिले होते ते नुसते डाग. पण असलं मडकं जाळ सोसणार नाही, ते पाण्याचंच असणार, काळं झालं ते कधीतरी घर जळताना, असं म्हणून त्यांचे प्रोफेसर जातभाई दहा वर्षं त्यांना हसत होते, आणि मडकं विस्तवावर ठेवून बघायची त्यांची स्वतःची छाती झाली नव्हती.

"मॅडमनी ती केली," म्हणत त्यांनी मांडी घातली आणि दोन ताटं भात जेवले.

हात धुताना त्यांनी एकच मागणी केली. कुपीतल्या चुऱ्याशी ताडायला त्यांना याच सालनाचं करपलेलं बूड हवं होतं, दुसऱ्या मडक्यात चालेल.

"सांगा त्यांना, ते माझ्या हातून होणार नाही," हलिमा म्हणाली.

म्हणून दुसऱ्या दिवशी ते काम मोहिद्दीनकडे आलं. हलिमा मरियमबींकडे जाऊन बसली. अर्ध्या तासात, विशेष काही न करता, त्याने ते दुसरं मडकं कोळशासारखं काळं करून दाखवलं. साहेब खूश झाले, म्हणाले की हे इटलीच्या म्युझियममध्ये काचेच्या कपाटात राहील. त्यांनी मजकूर सांगितला, मोहिद्दीनने चिठ्ठी लिहिली.

"काय लिहिलंत? वाचा," हलिमा परत येऊन म्हणाली.

"हलिमाच्या घरचं करपलेलं सालन, शारजा, १९६८."

"आणि हे लोक येऊन बघणार? किती दिवस?"

"इन्शाल्ला, आठशे वर्षं."

हलिमाने ती चिठ्ठी त्याच्या हातातून काढून घेतली, फाडली आणि नवा कागद पुढे ठेवला. साहेबांनी मान डोलावली. ती सांगत गेली तसं मोहिद्दीनने मुकाट्याने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: "रांधणारी नेहमी हलिमा. करपवणारा, फक्त या वेळी, तिचा नवरा मोहिद्दीन."