पटले गुरुजी आणि उरलेले सहा अंक

दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या वर्षीच्या निवडपरीक्षेत, गोंदियाच्या आमच्या शाळेत, पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नाला एकतीस मुलांपैकी तिघांनाच पूर्ण गुण मिळाले. तिघांचे उत्तर ‘आठ’ होते. बाकीच्यांचे ८.३४२८५७.

प्रश्न पितळेच्या तुकड्याची घनता काढण्याचा होता. वजन ५८.४ ग्रॅम. तुकडा बुडवल्यावर काचेच्या मोजपात्रातले पाणी सात घरे वर चढले. पात्रावर फक्त पूर्ण घरांच्या खुणा होत्या; एक घर म्हणजे एक घन सेंटिमीटर. भागाकार सगळ्यांचा बरोबर होता. पेपर तपासणारे पटले गुरुजी म्हणाले, “भांड्यानं तुले एक अंक देला. बाकीचे सहा तुले कोनं देले?”

हे वाक्य ते दिवसातून चार-पाच वेळा म्हणत. मुले मैदानावर एकमेकांना तेच म्हणत.

मी त्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि गुरुजींच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. गुरुजी मूळचे आमगावकडचे. एकटे राहत. स्वयंपाक स्वतः करत. सुट्टीतही गोंदिया सोडत नसत. गावी आता कोणी उरले नव्हते.

रेल्वे फाटकापाशी कोणी “गुरुजी, कितने बजे?” विचारले तर ते घड्याळ पाहून सांगत, “पाच-चाळीस. घड़ी पाँच मिनट इधर-उधर है.” विचारणारा तोवर पुढे गेलेला असे. नागऱ्याचे देऊळ किती लांब, तर तीन मैल. “सव्वातीन असेल,” असे मी एकदा म्हणालो. गुरुजींनी विचारले, “मोजलेत?” मी मोजले नव्हते.

नोकरीच्या कागदांत वय लिहायचे होते. त्यांनी ‘चाळीस’ लिहिले. कारकून म्हणाला, नक्की सांगा. गुरुजी म्हणाले, “पुढचा अंक मायजवळ होता. धानाचे रोवणे चालू होते तेव्हा झालास, एवढंच सांगे. कोणत्या सालचे, ते विचारायचं राहून गेलं.” कारकुनाने एकेचाळीस लिहिले. गुरुजींनी त्यावर सही केली नाही.

निवडपरीक्षेत एकाही विषयात तेहतीसच्या खाली गुण पडले की मॅट्रिकचा फॉर्म भरला जात नसे. चोरखमाऱ्याकडच्या डोमा नावाच्या मुलाला बत्तीस पडले. बाकीच्या विषयांत तो पास होता. त्याचा एक गुण पितळेच्या तुकड्यात गेला होता. दुसऱ्या वर्षाची फी त्याच्या बापाकडे नव्हती; त्यामुळे फॉर्म नाही म्हणजे शाळा संपली, हे सगळ्यांना माहीत होते.

बाप चौथ्या दिवशी आला. नाव भाऊलाल. गुरुजींच्या दारात चपला काढून तो ओसरीवर बसला. मी तिथेच होतो.

“गुरुजी, एक विचारू का? रागावू नोका.”

“विचारा.”

“आमी धानाची रास पायलीनं मोजतो. मी मोजलो तं चाळीस भरते. घेनारा मोजते तं अडतीस. रास तेच हाय. हात बदलला का माप बदलते.”

“बदलणारच. पायली भरताना हात हलतो.”

“तं माह्या पोराले तुमी कितीदा मोजलेत?”

 गुरुजी म्हणाले, “एकदा.”

“एकदाच? मंग एका मुठीसाठी त्याले घरी कायले बसवून राहिलेत?”

भाऊलाल चहा न घेता गेला.

गुरुजींनी काठावरचे तीन पेपर काढले. दोन मुले आणखी होती. त्यांनी माझ्याकडून तिन्ही पेपरांवरच्या लाल पेन्सिलीच्या खुणा खोडवून घेतल्या आणि रविवारी ते पुन्हा तपासले. गुण मी कागदावर लिहून ठेवले, पुन्हा खुणा खोडल्या. बुधवारी तिसऱ्यांदा तपासले. डोमाचे गुण आले बत्तीस, चौतीस, एकतीस. दुसऱ्या दोघांचेही असेच हलले.

गुरुजींनी तो कागद बराच वेळ हातात धरला होता. “आठ वर्षं,” एवढेच ते म्हणाले. पेपर तपासायला लागून त्यांना आठ वर्षे झाली होती.

गुरुवारी ते मुख्याध्यापकांकडे गेले. मुख्याध्यापक जबलपूरकडचे होते. गुरुजींनी सांगितले, “माझ्या पेन्सिलीचा दुसरा अंक खात्रीचा नाही. मी तिघांना तीस लिहितो.”

“पटलेजी, तीस लिखोगे तो लड़के और फेल होंगे!”

“तीस म्हणजे पंचवीस ते पस्तीसमधलं काहीही. तेहतीस त्यात येते.”

“बोर्ड को ये सब समझाने नागपुर कौन जाएगा? एक नंबर लिखो. बत्तीस या तैंतीस.”

गुरुजींनी लेखणी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग तिन्ही नावांपुढे तेहतीस लिहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “हे मी मोजलेलं नाही.” त्यानंतर महिनाभर वर्गात त्यांनी कोणाच्या अंकांविषयी विचारले नाही. मुलांना वाटले ते आजारी आहेत.

पुढच्या वर्षापासून काठावरचा प्रत्येक पेपर ते तीनदा तपासत. खुणा खोडायचे काम माझ्याकडे होते.

त्या वर्षी ते तिघे मॅट्रिकच्या परीक्षेला बसले. निकाल उन्हाळ्याच्या सुट्टीत लागला. नागपूरचे वर्तमानपत्र गाडीने येई. गुरुजी त्या सकाळी फलाटावर होते. क्रमांकांची यादी त्यांनी उभ्यानेच वाचली. तिघांपैकी दोघांचे क्रमांक होते. एक डोमाचा होता.

गुरुजींनी वर्तमानपत्राची आणखी एक प्रत घेतली. नागपूरकडे जाणाऱ्या गाडीचे तिरोड्यापर्यंतचे तिकीट काढले. तिरोड्यापासून पुढे ते चोरखमाऱ्याला चालत गेले. भाऊलालच्या घरी ते चार दिवस राहिले.