जासिंत मास्तरांची पांढरी बोट

बोट मुळात पांढरी होती, हे जासिंत मास्तरांना कुवेतहून आलेल्या फोनमुळे कळलं. फोनवर थोरला भाऊ कॉनरॅड होता, व्हिडिओवर, पोट सावरत.

"परवा येतंय रे. माझी बोट घेवन येतंय. यंदा नाताळाक दोनय बोटी गोठ्यासमोर ठेवया. माझी शोकेसात आसा, दुधासारखी पांढरी. तुझी आसा मां? की मोडलंस?"

"जशीच्या तशी आसा!" मास्तर ओरडले आणि फोन ठेवून कपाटाकडे धावले.

त्यांचे पप्पा जहाजावर कुक होते. पंच्याऐंशी साली त्यांनी सिंगापूरहून प्लास्टिकच्या दोन बोटी आणल्या, अगदी एकसारख्या, मुलांनी भांडू नये म्हणून. मुलं तरीही भांडली. कुणाची बोट जास्त नीट, यावर. बेथलेहेमला समुद्र नसला तरी या घरच्या नाताळच्या गोठ्यासमोर बोट ठेवायचीच, असा पप्पांचा दंडक होता. कॉनरॅडचं धाकट्या भावाबद्दल एकच मत होतं: जासिंताच्या हातात वस्तू दिली म्हणजे ती खाडीत टाकली. हे त्याने मास्तरांच्या लग्नातसुद्धा माईकवर सांगितलं होतं, आणि मास्तरांना ते अजून लागत होतं.

कपाटातून निघालेली बोट पिकलेल्या फणसाच्या गऱ्यासारखी पिवळी होती.

"कार्मीन, ही पिवळी कधी झाली गो?"

"ती पिवळीच होती मां?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. पण अल्बममध्ये दोन भाऊ दोन बोटी छातीशी धरून उभे होते आणि दोन्ही बोटी पांढऱ्याफेक होत्या. कार्मीनने फोटो पाहिला, बोट पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"तीस वर्सां पोरांका चित्रकला शिकवलंस, आणि घरातलो रंग बदाललेलो दिसूक नाय?"

दर वर्षी हाताळलेली वस्तू हळूहळू बदलते तेव्हा कुणाला दिसते? पण हे बायकोला समजावण्याइतका वेळ नव्हता. कार्मीनने पितळेच्या समईला लावतात तशी बोटीला चिंच लावली, मग लिंबू-मीठ, मग टूथपेस्ट. बोट लख्ख झाली. पूर्वी ती नुसती पिवळी होती, आता पिवळीधमक झाली.

मास्तरांनी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा काढला तेव्हा मात्र कार्मीनने तो हिसकावून घेतला आणि त्यांना बाजारात मेहबूबभायकडे पिटाळलं. मेहबूबभाय टीव्ही, रेडिओ, जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांनी बोट उलटीसुलटी पाहिली.

"रंग मारू नकात, मास्तर. रंग मारलात तर ती तुमची बोट होतली, पप्पांची रवाची नाय." मग त्यांनी दुकानाबाहेरच्या उन्हाकडे मान करून विचारलं, "वतात ठेवलात काय कधी?"

मास्तरांची छाती फुगली. "दर वर्सा! पावसाळो सरलो की सगळा सामान खळ्यात काढतंय. गोधडे, अल्बम, पप्पांचो कोट आणि ही बोट. बुरशी धरूक नको म्हणान. एक वर्स चुकूक नाय!"

मेहबूबभायनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मगे दुसऱ्या कोणाचो दोष नाय. तुम्हीच पिवळी केलात."

असल्या प्लास्टिकला आग लागू नये म्हणून बनवतानाच त्यात ब्रोमीनवालं औषध घालतात, त्यांनी सांगितलं. ऊन लागलं की तेच औषध आणि प्लास्टिक दोन्ही बिघडतं आणि रंग पिवळा पडतो. अशी वस्तू अंधारात, गारव्याला ठेवायची. मास्तर स्टुलावर बसले. कोकम, बांगडे, पापड, गाद्या, ज्याला म्हणून ऊन दाखवलं ते टिकलं, यावर त्यांचं अख्खं गाव चालत होतं. आणि त्यांनी लाडाने ऊन दाखवलं त्या एकाच वस्तूची माती झाली होती. त्यांना रडू यायचं बाकी राहिलं.

"उपाय आसा," मेहबूबभाय म्हणाले. "केसांक लावतत ती पेरॉक्साइडची क्रीम, बारा टक्केवाली. हातमोजे घाला. लाल धुरांडा काढून ठेवा, नायतर ता पण पांढरा होतला. क्रीम सारखी लावा, वर पातळ प्लास्टिक गुंडाळा, सुकाक देऊ नकात. आणि दिवसभर वतात ठेवा."

"वतात?"

"वतातच. एकट्या वतान बिघाडली, क्रीमीवांगडा वतानच सुदारतली. दर तासान परता."

गल्लीतल्या पार्लरमध्ये नम्रताने क्रीमची बाटली काढली, मास्तरांच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहिलं आणि फार अदबीने विचारलं, "सर, खंयचे केस?"

मास्तरांनी पैसे ठेवले आणि बाटली पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बोट घरासमोरच्या खळ्यात पाटावर विराजमान झाली. पांढऱ्या क्रीममध्ये माखलेली, वर पारदर्शक प्लास्टिक. मास्तर शेजारी छत्री घेऊन बसले, छत्री स्वतःवर. तासातासाला बोट परतत होते. पेज तिथेच, पेपर तिथेच. दोन वाजता घरात फोन वाजला.

"सरप्राईज!" कॉनरॅड ओरडला. "एक दिवस आदीच इलंय! इन्सुलीच्या नाक्यार आसंय. दीड तासात हजर!"

मास्तर धावत बाहेर आले तर पाटावर बोट नव्हती.

कावळा इतकी मोठी बोट नेणार नाही, कुत्र्याला क्रीम आवडणार नाही, असा विचार करत त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं, माडांच्या मागे पाहिलं, सुकत घातलेल्या बांगड्यांची चटई उचलून पाहिली. कार्मीन कोंबड्यांच्या खुराड्यात डोकं घालून आली.

"संपला सगळा," मास्तर पायरीवर बसले. "तो बरोबरच बोलता. माझ्या हातात दिल्यानी म्हणजे खाडीत टाकल्यानी."

"गप रव," कार्मीन म्हणाली. आणि पुन्हा खुराड्याकडे वळली.

गाडी आली. कॉनरॅड उतरला, मिठ्या झाल्या, आणि व्हरांड्यात टेकायच्या आधीच त्याने विचारलं, "बोट खंय?"

मास्तर तोंड उघडणार तोच शेजारच्या आनंदीबाई मोठं ताट घेऊन फाटकातून आल्या. ताटात बोटीच्या आकाराचा पांढराशुभ्र केक होता, वर डाळिंबाचे दाणे.

"काय गो कार्मीन, केक वतात ठेवन खंय गेल्लंस? आयसिंग वितळला असता! मी वरचा प्लास्टिक काढून माझ्या फ्रिजात ठेवलंय. काय काय ठिकाणी क्रीम कमी होती, ती चमच्यान सारखी केलंय. वास जरा पार्लरासारखो येता, पण कुवेतचो इसेन्स असतलो."

"वा!" कॉनरॅडने ताटातली सुरी उचलली. "पप्पांच्या बोटीचो केक! जासिंता, ह्या बरा केलंस!"

"दादा, थांब—"

टक्.

"कार्मीन," कॉनरॅड सुरीकडे बघत म्हणाला, "केक वायच कडक झालो."

मास्तरांनी ताट हिसकावलं, नळाखाली नेलं आणि पाणी सोडलं. डाळिंबाचे दाणे वाहून गेले, क्रीम वाहून गेली. खालून बोट निघाली. पांढरी! अल्बममधल्यापेक्षाही पांढरी! एक डाग नाही, एक ओघळ नाही. आनंदीबाईंच्या चमच्याने सगळीकडे सारखी उजळलेली. सुरीचा ओरखडा तेवढा धुरांड्याच्या जागी होता, धुरांडा लावला की तो कुणाला दिसणार नव्हता. मास्तरांनी ती दोन्ही हातांनी वर धरली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आता तुझी काढ, दादा."

कॉनरॅड खोकला. "बॅगेत तळाक आसा. फाल्या काढतंय."

दुसऱ्या दिवशी बॅगेची चावी सापडत नव्हती. तिसऱ्या दिवशी चावी सापडली, पण कॉनरॅडची कंबर धरली होती. चौथ्या दिवशी सकाळी मास्तर दात घासत असताना तो टॉवेलात काहीतरी गुंडाळून मागच्या दारी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "जासिंता, ती क्रीम उरलीहा काय रे?"

टॉवेलात हळकुंडासारखी बोट होती.

"शोकेस खिडकीत होता," कॉनरॅड म्हणाला. "कुवेतचा वत, बाबा. माका वाटला, तुझी माझ्यापेक्षा वायट असतली."

चाळीस वर्षांची उत्तरं मास्तरांच्या ओठांवर एकदम गोळा झाली. त्यांनी ती चुळीबरोबर थुंकून टाकली आणि हातमोजे आणले.

त्या दिवशी थोरला भाऊ खळ्यात पाटाशेजारी बसून होता. मास्तर व्हरांड्यात आरामखुर्चीवर पाय पसरून चहा पीत होते आणि दर तासाला, घड्याळ न बघता, हाक मारत होते, "दादा, परत!"

"परतलंय रे!" कॉनरॅड ओरडायचा. आणि खरोखरच परतायचा.