लेलेकाकांचा नंबर

"राँग नंबर" म्हणून कुणी फोन ठेवू लागलं की लेलेकाका उखडायचे. "नंबर बरोबर आहे! माणूस चुकलाय. बोला, कोण हवंय?"

कोपरीतल्या आमच्या इमारतीत, आमच्या मजल्यावर तो एकच फोन. आठ वर्षं वाट पाहून मिळालेला. त्याचे सहा आकडे काकांनी छत्रीच्या दांड्यावर, जेवणाच्या डब्यावर, टोपीच्या आत लिहिलेले. फोन उचलला की आधी ते सगळे म्हणायचे, एखादं स्तोत्र म्हणावं तसे. पत्नी गेलेली. मुलगी सुमी मनाविरुद्ध लग्न करून गेली, तेव्हापासून बोलणं नाही.

पुढे काका डोंबिवलीला राहायला निघाले. नंबर बदलणार होता. मी टेलिफोन कचेरीत कारकून. काका अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"काका, नंबर खात्याचा असतो. तुम्ही नुसते भाडेकरू."

"अरे, बारशाला नाव आत्या ठेवते. म्हणून ते आत्याच्या मालकीचं होतं का रे?"

सगळी कचेरी हसली. मला हसली. मी अर्ज न वाचताच खणात टाकला.

दिवाळीची सफाई करताना तो हाती आला. 'मुलगी दर पाडव्याला फोन करते. बोलत नाही. तिला नवा नंबर कळेल अशी सोय व्हावी.' जुना नंबर लावणाऱ्याला नवा सांगायची सोय होती. दहा मिनिटांचं काम. पण तोवर तो नंबर माजिवड्याच्या एका कपाटांच्या दुकानाला गेलेला.

पाडव्याला सकाळीच तिथे गेलो. तर फोनशेजारी स्टुलावर काका! कडक इस्त्रीचा सदरा, मांडीवर लाडवांचा डबा.

मालक कुजबुजले, "नंबर आपलाच म्हणतात. सणासुदीला कोण वाद घालणार?"

फोन वाजला की काका सहाही आकडे म्हणायचे. मग पडलेल्या आवाजात, "कपाट? हां, देतो यांना."

एकदा मात्र रिसीव्हर दिला नाही.

"सुमे, नवा नंबर लिही गं." दोनदा सांगितला, सावकाश. "लिहिलास?"

बराच वेळ रिसीव्हर कानाशीच होता. मग मी दिसलो.

"अरे, तू? कपाट घ्यायला?"

"हो," म्हणालो. घेतलंही.

सुमीने पुढे फोन केला का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. काका गेले. कपाट आहे. त्याच्या आतल्या कप्प्यात त्यांचा अर्ज आहे. त्या कप्प्याची किल्ली मी बायकोलाही देत नाही.