पायाला ग्रीस

दवाखान्याची लाँच भाचा चालवत असे आणि मामा तिचा मिस्त्री होता. धक्क्यावर घसरून भाच्याची नडगी मोडली, तेव्हा डॉक्टरांनी पायावर बाहेरून एक पोलादी सांगाडा बसवला: हाडात चार खिळे, त्यांना जोडणारे दोन दांडे आणि जोडाजोडावर नट. खाऱ्या हवेच्या त्या बेटावर लोखंडी वस्तूला ग्रीस लावण्याची कडक शिस्त होती. बिजागऱ्यांना आठवड्यातून एकदा, लाँचला रोज. मामाने भाच्याचा पायही वेळापत्रकात घेतला.

"मामा, डॉक्टरांना विचारलं असतं तर?" भाचेसुनेने शंका काढली.

"ते येणार पंधरा दिवसांनी. गंज काय त्यांची वाट बघत बसणार?"

ग्रीसने आपले काम चोख केले. घर्षण संपले, पकड गेली, दांडे सरकले. डॉक्टर तीन दिवसांच्या मुक्कामाला आले तेव्हा भाच्याचे तोंड खिडकीकडे होते आणि पाऊल दाराकडे.

"अहो मिस्त्री, हे स्टेनलेस आहे. गंजत नाही."

"इथे राहून बघा साहेब. सगळंच गंजतं."

"आता नट रोज तपासायला हवेत, नाहीतर हाड वाकडं जुळेल."

"कोण तपासणार?"

"मीच. पण मला पलीकडे आणखी पाच दवाखाने आहेत."

भाच्याचा चेहरा उतरला. पुढच्या महिनाअखेरच्या तपासणीत दोन्ही पायांवर सरळ उभे राहता आले नाही, तर लाँच कायमची बदलीवाल्याकडे जाणार होती.

डॉक्टरांनी सांगाडा पुसला, पाय सरळ करून नट आवळले आणि भिंतीवर हुकूम लावला: दवाखान्याच्या कोणत्याही यंत्रसामग्रीस ग्रीस लावू नये. प्रत मुख्यालयास रवाना. मामाने हुकूम दोनदा वाचला. लाँच यंत्रसामग्रीतच मोडत होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टर निघाले, तर सुकाणू जागचे हलेना.

"मिस्त्री, ग्रीस लावा."

"लावतो की. हुकूम तेवढा रद्द करून आणा."

"माझाच हुकूम आहे ना."

"तुमचा होता. प्रत गेली, आता मुख्यालयाचा झाला."

अधिकाऱ्याने खासगी होडीतून प्रवास करू नये, असाही एक नियम होता. तो भाचेसुनेने आठवणीने काढून दाखवला. डॉक्टर अडकले. दुसरे काम नसल्याने रोज सकाळी येऊन नट तपासू लागले, आणि हाड सरळ जुळत गेले. साडेचार आठवड्यांनी कोळ्याच्या होडीतून या एका लाँचपुरती ग्रीसची परवानगी आली, त्याच सकाळी सांगाडा उतरला. भाचा तपासणीत ताठ उभा राहिला आणि पहिल्याच फेरीला डॉक्टरांना पलीकडे सोडून आला.

मुख्यालयाने डॉक्टरांचा अहवाल बारकाईने वाचला. ग्रीस होते तेव्हा पाय वाकडा होता. बंदी येताच सरळ झाला. ग्रीसबंदी सर्व बेटांवरील दवाखान्यांना लागू करण्यात आली.

परिपत्रक भाचेसुनेने वाचले आणि शांतपणे घडी घातली.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता प्रत्येक बेटाला डॉक्टर मिळेल."