खांबेटेकाका आणि पळणारं चाक

मी मिक्सर लावला की आमचे शेजारी खांबेटेकाका जिन्याखाली धावायचे. आवाजाचा त्रास व्हायचा म्हणून नव्हे. जिन्याखाली आमच्या तिन्ही बिऱ्हाडांचे विजेचे मीटर ओळीने लावलेले होते आणि माझ्या मिक्सरपायी त्यातलं चाक किती जोरात फिरतंय, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असायचं. बघून झालं की तिथूनच हाक यायची, "सुनंदा, पळतंय गं, पळतंय!" मी घाबरून बटण बंद करायची आणि त्या दिवशीची चटणी भरड राहायची.

मिक्सर माझा, मीटर माझा, बिलही माझंच. पण काकांना हे सांगणार कोण?

ह्यांची बँकेतून जयपूरला बदली झाली, तेव्हाची ही गोष्ट. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. लाल दिवा लुकलुकणारे मीटर अजून आले नव्हते. काचेआड एक चपटं चाक फिरायचं आणि त्यावरची काळी खूण पुन्हापुन्हा समोर यायची. त्या खुणेवरून काका कुठल्या घरात काय चाललंय ते ओळखायचे. फ्रिज असला की चाक 'चालतंय', इस्त्री असली की 'धावतंय', आणि मिक्सर-टोस्टर असली मंडळी आली की 'पळतंय'. आमच्याकडे पाहुणे आलेत हे काकांना आमच्या आधी कळतं, असं हे म्हणायचे.

काका मूळचे साताऱ्याचे. विमा कंपनीत नोकरी, शेवटची बदली जयपूरला. निवृत्तीनंतर परत जायचं ठरत होतं, तेवढ्यात काकी गेल्या आणि काका तळमजल्यावरच्या आमच्या समोरच्या दोन खोल्यांतच राहिले. स्वतःच्या घरात त्यांनी वीज खाणारं काही ठेवलंच नव्हतं. पाव तव्यावर, ताक रवीने, चटणी खलबत्त्यात. "मतलब, हात दिलेत ना देवाने?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता निघून जायचे.

वरच्या मजल्यावर मांजी राहायच्या. इथल्याच, वयाने काकांहून मोठ्या, अगदी एकट्या. त्या वर्षी दिवाळीला त्यांच्या मुलीने परदेशातून विजेची केटल पाठवली आणि काकांच्या आयुष्यात शांतता म्हणून राहिली नाही. रोज सकाळी मांजी केटल लावायच्या, खाली त्यांचं चाक गरगरायचं आणि काका पेपर बगलेत मारून मीटरसमोर उभे. एका माणसाच्या चहासाठी एवढी वीज, असं त्यांचं पुटपुटणं मी कणीक मळताना ऐकायची. थंडीभर त्यांनी मांजींना गॅसवर पाणी उकळण्याचे फायदे समजावले. मांजी शांतपणे ऐकून घ्यायच्या. बेटीने भेजी है, एवढंच त्यांचं उत्तर असायचं.

काका चिक्कू आहेत, आणि तेही दुसऱ्याच्या पैशांनी, असं माझं मत पक्कं झालं होतं.

होळी होऊन आठवडा झाला असेल. जयपूरजवळच्या चाकसू गावच्या मेळ्याची सुट्टी होती, म्हणून हे घरी होते. सकाळीच काकांनी आमचं दार वाजवलं. चेहरा पार उतरलेला.

"वरचं पळत नाहीये," ते म्हणाले.

मला आधी हसू आलं. म्हटलं, बरं झालं की, वीज वाचली. पण काका हसले नाहीत. फ्रिज चालतोय, केटल नाही, आणि दार उघडत नाहीत, असं तुटक तुटक सांगून ते जिना चढायला लागले. आम्ही दोघं मागोमाग. मांजींच्या दाराला ओढलं की बंद होणारं कुलूप होतं, त्यामुळे त्या आत आहेत की बाहेर, कळायला मार्ग नव्हता. काका दोन्ही हातांनी दार वाजवत होते. "मांजी! मांजी, दरवाजा खोलिए!" आतून काही नाही. एरवी पैशापैशाचा विचार करणारा हा माणूस ह्यांना म्हणाला, तोडा. दाराचे पैसे मी भरतो.

हे खाली जाऊन माझा लोखंडी बत्ता घेऊन आले. त्यांनी बत्ता उचलला आणि जिन्यातून आवाज आला, "कै हुयो? चोर आया कै?"

नवी ओढणी, ओले केस, हातात पूजेचं ताट. मांजी!

काका मटकन पायरीवर बसले. मला रडू फुटलं, ह्यांनी बत्ता पाठीमागे लपवला. काकांच्या तोंडून पहिला शब्द फुटला तो रागाचाच. "आज केटल क्यों नहीं चलाई आपने?"

"आज तो बासोड़ा है, भाईसाब," मांजी म्हणाल्या. शीतळामातेचा दिवस. आज घरात चूल पेटत नाही, काल रांधलेलं थंडच खायचं. त्या गल्लीतल्या बायकांबरोबर पूजेला गेल्या होत्या.

आम्ही मराठी माणसं या दिवसाला फक्त मेळ्याची सुट्टी म्हणून ओळखत होतो. काकांनी तर नोकरीत असताना ती दरवर्षी इमानाने घेतली होती. तरी त्यांनी हार मानली नाही. केटल म्हणजे काही चूल नव्हे, तिला तर बिजली लागते, म्हणाले.

"बिजली में आग कोनी कै?" मांजींनी विचारलं. विजेत काय आग नसते? काकांनी पायरीवरून उठून त्यांना वाट दिली.

मग मांजींनी आम्हाला आत बसवून ताकात शिजवलेली बाजरीची थंड राबडी आणि गोड पुए वाढले. इतकं चविष्ट शिळं मी जन्मात खाल्लं नव्हतं. काका मात्र वाटी हातात धरून बसले होते. मला मराठीत हळूच म्हणाले, "तुझी काकी गेली तेव्हा मी भाजी आणायला गेलो होतो गं. परत येऊन निवांत पेपर वाचत बसलो. मला वाटलं, झोपलीय."

रोज सकाळी मीटरसमोरचं ते पुटपुटणं मला तेव्हा कळलं. चाक पळालं, म्हणजे वर मांजी उठल्या.

मांजींना मराठी येत नव्हती. पण केटलवरून काकांना फार त्रास होतो एवढं त्यांनी मनावर घेतलं असावं. म्हणाल्या, तुम्ही बरोबरच सांगता, उद्यापासून चहा गॅसवर.

काकांनी वाटी खाली ठेवली. "नहीं, नहीं! केटल ही सस्ती पड़ती है," ते घाईघाईने म्हणाले. गॅसची निम्मी आच बाहेर वाया जाते, केटल फक्त पाणी तापवते, हे त्यांनी इतकं पटवून दिलं की ह्यांनी माझ्याकडे आणि मी ह्यांच्याकडे पाहिलं. मांजी काकांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतनी सस्ती है तो आप भी ले लो. दूध लेने उतरूँगी तो मैं भी आपका चक्का देख लूँगी."

पुढच्याच आठवड्यात जुन्या शहरातल्या, चारदीवारीतल्या बाजारातून, भरपूर घासाघीस करून, काकांनी केटल आणली.

दुसऱ्या दिवशी मी दूध घ्यायला दार उघडलं, तर जिन्याखाली मांजी वाकून उभ्या. चष्मा काचेला टेकलेला. राजस्थानी माणसाच्या जिभेवर आपला 'ळ' उपजतच असतो. काकांच्या दाराकडे तोंड करून त्या स्वच्छ मराठीत ओरडल्या, "पळतंय!"

आतून काकांचा आवाज आला, "पळू दे."