तिघांचा पासवर्ड

आष्टीच्या बाजारात तातेरावांचा फोटो स्टुडिओ आहे. रिळाच्या जमान्यात त्याला तीन कुलपं असत आणि किल्ल्या तीन घरी: एक तातेरावांकडे, दुसरी भुजंग शिंप्याकडे, तिसरी कडूबा हॉटेलवाल्याकडे. तिघं जमल्याशिवाय दुकान उघडत नसे. पुढं शटर आलं, एक कुलूप उरलं, आणि रोजची भेटही सुटली.

म्हणून पुतणी साक्षीनं, "काका, कॉम्प्युटरमधल्या जुन्या फोटोंना पासवर्ड घाला, कुणाला कळू देऊ नका," असं बजावलं, तेव्हा तातेरावांनी जुनीच रीत काढली. एकेकानं आपापला तुकडा दाबला, बाकीच्या दोघांनी भिंतीकडे तोंड केलं. पुरा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही, खुद्द मालकालाही नाही.

पंधरा दिवसांनी गावातली दैवशाला आली. "दादा, माय गेली. उद्या तिचं पुण्यानुमोदन हाय. तिचा एकच फोटो, तुम्हीच काढेल. घरातला पाण्यात भिजून गेला."

तातेरावांनी आपला तुकडा दाबला, भुजंगनं त्याचा. कडूबा डोकं खाजवत उभा.

"इसरलास काय?" भुजंगनं विचारलं.

"न्हाई. ध्यानात ऱ्हात न्हाई म्हणून आर्धा तुळजाबाईला देल्ता. ती गेली घनसावंगीला, लेकीकडं."

"मंग लाव की तुह्या बायकोला फोन."

फोन लागला. तुळजाबाई म्हणाल्या, "फोनवर पासवर्ड सांगायचा नसतो. साक्षीनं बचत गटात सांगेल हाय."

"अगं, मी कडूबा बोलून राह्यलो."

"चोर बी तसंच म्हणत असतेत."

शेवटी कडूबा जीपनं घनसावंगीला गेला आणि दुपार कलताना बायकोला घेऊन आला. कडूबानं आपला अर्धा दाबला, मग तुळजाबाई कॉम्प्युटरपुढे बसल्या. तिघं पुरुष भिंतीकडे वळले. भुजंगनं दैवशालालाही वळवलं. "नियम म्हंजे नियम."

फोल्डर उघडलं. कापसाच्या ढिगाऱ्याशेजारी दैवशालाची माय, तोंडाला पदर लावून हसणारी.

"हालू नको म्हणलं तर तिला आनखीच हसू यायलं," तातेराव म्हणाले.

"माय हसायची, हे मी इसरलेच व्हते," दैवशाला म्हणाली, आणि फोटो छापून होईपर्यंत पडद्यासमोरून हलली नाही. बाकीचेही हलले नाहीत. एकेक फोटो निघत गेला आणि बाजारात दिवेलागण झाली.

साक्षीनं ऐकून कपाळाला हात लावला. फोल्डर उघडंच होतं; दुसऱ्याच दिवशी तिनं नवा पासवर्ड घातला, एकट्या काकांना ठाऊक असलेला. फोटोंची एक नक्कल वेगळी काढून घरी ठेवली.

त्यानंतर आठवडाभर भुजंग आणि कडूबा दुकानाकडे फिरकले नाहीत. तातेराव बोलवायला गेले, तर भुजंग शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "आता आमचं काय काम?"

"येऊन बघ. साक्षीच्या पासवर्डनं फोल्डर उघडंना झालंय, तुमचेच तुकडे लागतेत."

तेव्हापासून दर सोमवारी तिघं जमतात. आधी भुजंग तुकडा दाबतो, मग कडूबा, शेवटी तातेराव. दोघांची तोंडं भिंतीकडे असताना तातेराव त्यांचं सगळं पुसतात आणि साक्षीनं दिलेला खरा पासवर्ड घालतात. आजवर कुणाला पत्ता लागलेला नाही.

कडूबा तर आपला तुकडा केव्हाच विसरलाय. बोटाखाली येईल ते दाबतो, तरी फोल्डर बराबर उघडतं. हे गुपित मात्र त्यानं तुळजाबाईलासुद्धा सांगितलेलं नाही.