बिरूतात्यांची बी साईड

बिरूतात्या आपली कॅसेट लावतात आणि तुमच्या गुडघ्यांकडे बघत बसतात. गुडघे हलले की हा उठणार, हे त्यांना कळतं. "सातवं मिनिट," ते पुटपुटतात. "तलाठी पाचव्यालाच उठला व्हता."

तात्या भवानीनगरचे. लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. साखर कारखान्यातल्या एका इंजिनियरने त्यांना परदेशी जाझ-फंक ऐकवलं आणि माणूस हातचा गेला. एक बेस गिटारवाला आणि वरकुट्याचे दोन धनगरी गजीनाचाचे ढोलवाले घेऊन त्यांनी पुण्याचा स्टुडिओ गाठला. वरातीत जे जे वाजवू दिलं नव्हतं, ते सगळं तिथं वाजवून आले.

बारामतीच्या एका दुकानदाराने त्याची कॅसेट लग्नाच्या गाण्यांत ठेवली. काटेवाडीच्या एका हळदीत ती लागली. गडी हौसेने गजीचा फेर धरून नाचू लागले, तिसऱ्या मिनिटाला ताल फिरला आणि फेरातले दोघे एकमेकांवर आदळले. "हिच्यात पाय कुठं टाकायचा, ते तरी सांगा," नवऱ्याचे आबा म्हणाले. एका साप्ताहिकाने लिहिलं, 'वरात कुठे वळली तेच कळत नाही.'

माझं डोकं सटकलं. उसाची नवी जात आली की बघायला जीप भरून जाणारी ही माणसं, नव्या सुराला मात्र नाक मुरडणार! चळवळीत कालव्याच्या पाण्याच्या पाळीसाठी पत्रकं काढायचो, तसंच एक काढलं. 'बहिऱ्यांनो, आधी ऐका, मग बोला!' इंदापूर आणि बारामतीच्या स्टँडवर स्वतः वाटलं.

तात्यांनी ते दोनदा वाचलं. "झ्याक लिवलंस. पर बी साईडचं कायच न्हाय ह्यात."

"जागा पुरली नाही, तात्या."

"ऐकलीस का?"

ज्यांना बहिरे म्हणून छापलं, त्यांच्यातलाच मी एक.

"लावा," मी म्हणालो.

ढोल उधळले होते, सॅक्सोफोन त्यांना आडवा जात होता, आणि माझ्या डोक्यात उद्याचा पाण्याचा मोर्चा. दोनदा उठावंसं वाटलं. तात्या दारात पाठमोरे उभे होते. मग ढोल थांबले. सॅक्सोफोन एकटाच उरला, लांब गेलेल्या कुणाला तरी हळू हाका मारत असल्यासारखा. फीत संपली, बटण टक्कन वर आलं.

तात्या आत आले. टेप उघडला, उगाच पुन्हा बंद केला.

"हितवर कुनी आलंच न्हवतं," ते म्हणाले. "आता काय इचारायचं असतं रं?"